खोट्या नोटा आणि तेराव्याचा हॉल

कामाच्या जागी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी विजय नगरमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते विचारून प्रोग्रामरसाठी लिहून काढणं हे माझं काम. आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम आलंय. रोजची बचत गोळा करणारे त्यांचे एजंट राजवाडा, सराफा, मल्हारगंज भागातल्या दुकानांमधून फिरतात, त्यांच्यासाठी मोबाइल अ‍ॅप करायचं आहे. सगळ्यांच्या मागण्या एकदमच कळाव्यात म्हणून आमच्या टीम लीडने खेळ घ्यायला सांगितलं. अध्यक्ष, दोन संचालक, मॅनेजर, एक क्लार्क आणि चार एजंट अशा नऊ जणांना मी एका टेबलाभोवती बसवलं, खोट्या नोटा वाटल्या आणि अ‍ॅपमधल्या सोयी ‘विकत’ घ्यायला सांगितल्या. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. अध्यक्षांनी जिथे पैसे लावले तिथेच बाकीच्यांनी लावले. एक संचालक म्हणाले, “बेटा, आम्ही काय बालवाडीत आलोय?” पुढच्या आठवड्यात दुसरी बैठक आहे. पुन्हा खेळ घेऊ, की सरळ प्रश्नावली वाटू?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : खेळच घे. पण आधी तुला एका मंगल कार्यालयाची गोष्ट सांगते. मी आज जे काही सांगणार आहे ते मला तिथे समजलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्याच शहरातल्या एका मराठी समाजाने त्यांच्या कार्यालयाचं बुकिंग ऑनलाइन करायचं ठरवलं. वर मोठा हॉल, खाली लहान हॉल, मागे भांड्यांची खोली. मागण्या गोळा करायला मी तीन आठवडे एकेकाला भेटले. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, महिला मंडळ, सगळ्यांशी बोलून चाळीस पानांचा अहवाल केला आणि त्यावर सह्याही झाल्या. तिथे एक व्यवस्थापक काका होते. मी त्यांच्याकडे दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “विश्वस्त सांगतील तसं करा, माझं काही नाही.” मीही तसंच लिहून टाकलं.

सह्या झाल्यावर पैशांचा प्रश्न निघाला. त्यांच्याकडे होता त्याच्या दुपटीहून जास्त खर्च अहवालात मांडलेला होता. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यासाठी मी तोच खेळ घेतला, जो तू घेतलास. अमेरिकेतल्या ल्यूक होमन यांनी अशा खेळांवर २००६ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात तो आहे. प्रत्येक सोयीची किंमत ती बनवायला लागणाऱ्या मेहनतीप्रमाणे ठरवायची. सगळ्यांच्या हातातले पैसे एकत्र केले तरी सगळ्या सोयींच्या किमतीच्या तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच भरतील असं पाहायचं. आणि एक-दोन सोयी इतक्या महाग ठेवायच्या की एकट्याला घेताच येणार नाहीत. माझ्या यादीत अकरा गोष्टी होत्या आणि एकूण किंमत एक लाख. खेळणारे सात, प्रत्येकाला सहा हजार, म्हणजे बाजारात बेचाळीस हजार. ऑनलाइन कॅलेंडर अठरा हजारांचं, तिघांनी खिसे रिकामे केल्याशिवाय मिळणार नाही असं. एक अट मी आधीच कबूल करून घेतली होती : अध्यक्ष सगळ्यांत शेवटी पैसे लावतील.

खेळ रंगला. भांडी मोजून देण्या-घेण्याच्या नोंदीसाठी महिला मंडळाच्या प्रमुखांनी खजिनदारांशी चांगला वाद घातला. काका मात्र गप्प होते. सहा हजार पुढ्यात ठेवून बसलेले. मी म्हटलं, “काका, तुम्ही काहीच घेत नाही?” ते म्हणाले, “मला हवं ते यादीत नाही.” काय हवंय? “खालचा हॉल ऑनलाइन दाखवू नका.”

मग हळूहळू ते बोलायला लागले. कोणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कुणीतरी तेराव्यासाठी जागा विचारायला येतं. लग्नसराईत सहा महिने आधीच सगळं भरलेलं असतं. त्या माणसाला ‘जागा नाही’ असं कसं सांगायचं? म्हणून काका खालचा हॉल वाढदिवसाला, केळवणाला, साखरपुड्याला आधीपासून देतच नसत. रजिस्टरमध्ये त्या तारखांसमोर पेन्सिलीने ‘दुरुस्ती’ लिहीत आणि वेळ आली की खोडत. खजिनदार कित्येक वर्षं त्या ‘दुरुस्ती’मुळे बुडणाऱ्या भाड्याबद्दल कुरकुर करत होते. त्यांनी वर पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. अध्यक्षांनी मात्र विचारलं, “बाबांच्या वेळी आम्हाला हॉल मिळाला होता, तो असाच का?” काकांनी मान हलवली.

अध्यक्षांनी आपले सहा हजार उचलून काकांच्या पैशांवर ठेवले. आमच्या प्रोग्रामरने तिथल्या तिथे किंमत सांगितली, फार तर दोन हजार. एका हॉलला ‘दहा दिवसांपेक्षा आधी बुकिंग नाही’ एवढाच नियम लावायचा होता. अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यांत मोलाची गोष्ट सगळ्यांत स्वस्त निघाली आणि माझ्या चाळीस पानांत तिचा पत्ताच नव्हता. ऑनलाइन कॅलेंडर जसं लिहिलं होतं तसं बनलं असतं, तर पहिल्याच महिन्यात खालचा हॉल वाढदिवसांनी भरला असता.

काकांनी मला आधी का सांगितलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्याशी एकट्याने बोलताना ते जे सांगतील ते कागदावर उतरून विश्वस्तांकडे जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. आणि पेन्सिलीची ती नोंद त्यांच्या मते नियमाबाहेरची होती. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की माणूस वरिष्ठांना काय रुचेल ते सांगतो. हातात मोजके पैसे असले आणि समोर दुसरे लोक आपापलं घेताना दिसले की काय सोडता येणार नाही ते त्याच्या तोंडून निघतं. खेळ हवा तो एवढ्यासाठी. ज्या कंपन्या टीमला हसवायला, एकमेकांची भीड चेपायला खेळ घेतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते काम वेगळं.

२०११ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहरात शहराच्या अंदाजपत्रकावरही याच धर्तीचा खेळ झाला. रहिवासी टेबलांभोवती बसले आणि कशावर खर्च करायचा, कुठे कात्री लावायची यावर एकमेकांशी बोलले. तिथेही पैसे कमीच होते, आणि म्हणूनच बोलणं झालं.

आता तुझ्या टेबलाकडे येते. तुझ्या नऊ जणांतल्या चौघांचं कमिशन उरलेल्यांपैकी तिघांच्या हातात आहे. अध्यक्ष आधी बोलल्यावर एजंट वेगळं बोलतील ही अपेक्षाच चुकीची होती, आणि तो दोष एजंटांचा नाही. त्या कार्यालयात ‘अध्यक्ष शेवटी’ एवढ्याने भागलं, कारण तिथे कोणाचं पोट अध्यक्षांवर अवलंबून नव्हतं. काकांनाही पगार समाज देत होता, आणि त्यांचं वय अध्यक्षांपेक्षा जास्त होतं. तुझ्याकडे दोन टेबलं हवीत. एजंट आणि क्लार्क एका दिवशी, संचालक दुसऱ्या दिवशी. मॅनेजरला कुठे बसवायचं ते तू ठरव. एजंट त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात का, हे तू बैठकीत पाहिलंच असशील.

एजंटांसोबत पैशांचा खेळ आधी घेऊ नकोस. आधी ‘काय अडतं’ ते काढ. होमन यांच्या पुस्तकात यासाठी होडी आहे : होडीला बांधलेला प्रत्येक नांगर म्हणजे एक अडचण, जितका खोल तितका जड. मी सांवेर रोडच्या एका कारखान्यात हा खेळ पहिल्यांदा घेतला तेव्हा फळ्यावर नांगर काढा म्हटल्यावर एका सुपरवायझरांनी बैल जुंपलेला शेतातला नांगर काढला. त्यांचं बरोबरच होतं. माळव्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नांगर म्हटल्यावर शेतच येणार. तेव्हापासून मी काळ्या मातीत रुतलेली बैलगाडी काढते. चाकाखाली चिखल, गाडीत धोंडे. पावसाळ्यात काळी माती चाकाला कशी धरते हे इकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाने आपला धोंडा चिठ्ठीवर लिहून गाडीत ठेवायचा, आणि कोणता जास्त जड ते गटाने मिळून ठरवायचं.

तुझ्या एजंटांचे धोंडे काय असतील ते मला माहीत नाही, पण काय विचारायचं ते सुचवते. मल्हारगंजात माझ्या मामांचं कापडाचं दुकान होतं. संध्याकाळी एजंट यायचा आणि मामा गल्ल्यातून नोट काढून द्यायचे. पण एजंटाने पासबुकात पेनाने आकडा लिहून सही केल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. पावती मोबाइलवर येईल म्हटल्यावर मामांसारखी माणसं काय म्हणतील? तळघरातल्या दुकानात नेटवर्क नसेल तेव्हा पैसे घ्यायचे की नाही? मिठाईवाल्याचे हात तुपाचे असताना ओटीपी कोण वाचणार? एखादा दुकानदार दोन दिवस चुकवून तिसऱ्या दिवशी तिन्हींचे एकदम देतो, तेव्हा तारीख कोणती टाकायची? हे प्रश्न तू विचारलेस तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. गाडीत ठेवलेल्या चिठ्ठीत आले तर त्यांच्यामागची गोष्टही येईल. आणि हो, दर वेळी दोन-तीन कोऱ्या चिठ्ठ्या ठेव, किंमत न लिहिलेल्या. काकांसारखा कोणीतरी असतोच.

संचालकांसाठी दुसरा खेळ. त्यांना सांग : आजपासून एक वर्ष झालंय, अ‍ॅप चालू आहे आणि वार्षिक सभेत सभासद तुमचं अभिनंदन करताहेत. सभेत काय काय सांगितलं गेलं ते लिहा, पण सगळं भूतकाळात. ‘हिशोब सोपा होईल’ असं लिहिणाऱ्या माणसाला ‘झाला’ असं लिहायला लावलं की तो थांबतो. मग लिहितो, ‘मार्चमध्ये ऑडिटरला सात दिवस लागायचे, यंदा दोन लागले.’ त्या वाक्यावर तुझा प्रोग्रामर काम करू शकतो.

शेवटची बैठक एकत्र घे. आतल्या गोलात एजंट आणि क्लार्क बसतील आणि बोलतील. बाहेरच्या गोलात संचालक, हातात कागद-पेन. त्यांनी फक्त ऐकायचं आणि टिपायचं, वीस मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही. मग जागा बदलायच्या. ही अट अध्यक्षांना आदल्या दिवशी फोनवर सांग, बैठकीत सगळ्यांसमोर नको. तरीही एजंट दबतील असं वाटलं तर ही बैठक घेऊच नकोस, त्यांचे धोंडे नावं न घालता तू वाचून दाखव. आणि बैठकीच्या निरोपात ‘खेळ’ हा शब्द लिहू नकोस, ‘मागण्या ठरवण्याची बैठक’ असं लिही. ‘बालवाडी’ म्हणणाऱ्या संचालकांना सांग की इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत, जिला आपल्या क्षेत्रात सगळे बाबॉक म्हणतात, तिच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे खेळ एक स्वतंत्र पद्धत म्हणून दिलेले आहेत. आत-बाहेरच्या गोलाची रीतही तिथे आहे. तरी त्यांना पटलं नाही तर वाद घालू नकोस. त्यांच्या हातात पहिली चिठ्ठी दे आणि त्यांच्या खात्यातला सगळ्यांत जुना धोंडा लिहायला सांग.

प्रश्नावली मात्र नको. तिच्यात कोरी चिठ्ठी नसते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या वेबसाइटसाठी मागण्या गोळा करतोय. अर्धी कार्यकारिणी इंदुरात, बाकीचे पुण्यात आणि परदेशात. व्हिडिओ कॉलवर हे खेळ जमतील का?
– कार्यवाह, एक सांस्कृतिक मंडळ, लोकमान्य नगर

उत्तर : जमतात, पण सगळ्यांनी आपापल्या घरून आपापल्या स्क्रीनवर यायला हवं. सहा जण एका खोलीत आणि चार जण पडद्यावर अशी बैठक कृपया घेऊ नका. खोलीतले आपसांत ठरवून टाकतात आणि पडद्यावरच्यांना निकालच कळतो. एका गटात आठपेक्षा जास्त नकोत. पैशांच्या खेळासाठी सगळ्यांना दिसेल असं एक स्प्रेडशीट पुरतं : प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना, शिल्लक आपोआप दाखवणारा. पाऊण तासात संपवा. ज्येष्ठ सभासदांना आदल्या दिवशी फोन करून एकदा रकान्यात आकडा टाकून पाहायला लावा, नाहीतर ते बैठकीत ‘माझं तुम्हीच टाका’ म्हणतील आणि त्यांचा आवाज तिथेच जाईल.

प्रश्न : मी डेव्हलपर आहे. आमच्या अ‍ॅनालिस्टने खेळ घेतले आणि माझ्याकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्या. आमचे मॅनेजर म्हणतात, ज्यावर जास्त पैसे लागले त्या दहा घे आणि कोड सुरू कर. मला हे पटत नाही, पण कारण सांगता येत नाही.
– एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : कारण तुमच्याकडे आकडे आलेत, बोलणं आलेलं नाही. पैसे लावताना कोण काय म्हणालं, कोणी कोणाचं मन कसं वळवलं, हे टिपायला खेळाच्या वेळी एक वेगळा माणूस लागतो. खेळ चालवणाऱ्याला ते जमत नाही. अ‍ॅनालिस्टकडे तशा नोंदी असतील तर आधी त्या मागा. नसतील तर तिला आठवतंय तोवर, आजच, तिच्यासोबत बसा.

मग चिठ्ठ्या लावा. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी प्रत्यक्ष फिरून केलेल्या टिपणांचे ढीग लावण्यासाठी एक रीत काढली, ती इथे उत्तम चालते. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा, चार-पाच जण उभे राहा आणि एकही शब्द न बोलता जवळच्या जवळच्यांसोबत ठेवत जा. आधी कप्पे ठरवायचे नाहीत. कोणी हलवलेली चिठ्ठी पुन्हा पुन्हा परत जात असेल तर तिच्या दोन प्रती करा. ढीग स्थिर झाले की मगच त्यांना नावं द्या. त्रेसष्टच्या दहा-बारा गोष्टी उरतील, आणि मॅनेजरांच्या पहिल्या दहापैकी काही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत असंही दिसेल.

प्रत्येक ढिगाखाली लिहा : कोणाला हवं, काय हवं, कशासाठी, आणि झालं हे आपण कसं तपासणार. ‘कशासाठी’ची जागा रिकामी राहिली तर त्या माणसाला फोन करा. दोन मागण्या एकमेकींना छेद देत असतील तर दोन्ही समोरासमोर लिहा, तुम्ही मध्यम मार्ग काढू नका. तो काढायचा अधिकार त्या लोकांचा आहे.

एक गोष्ट मॅनेजरांना नक्की सांगा. काही गोष्टी बाजारात मांडायच्याच नसतात. कर, ऑडिट, पासवर्ड, कोणाला काय दिसावं, बॅकअप. वर ज्या मंगल कार्यालयाबद्दल लिहिलंय, तिथे माझ्या यादीत ‘रोजचा बॅकअप’ चार हजारांना होता आणि त्यावर कोणी एक रुपयाही लावला नाही. कोण लावेल? त्यातून कोणाचंही लग्न सोपं होत नव्हतं. ती माझी चूक होती. त्याच संध्याकाळी मी तो यादीतून काढला आणि ‘हे येणारच’ अशा वेगळ्या पानावर घेतला. त्याची किंमत खेळाआधीच एकूण रकमेतून वजा करायला हवी होती, म्हणजे लोकांच्या हातातले पैसे खरे ठरले असते. तुमच्या त्रेसष्टमध्ये अशा किती आहेत ते पहा. बहुतेक तळाशी असतील.

शेवटी तयार झालेला कागद खेळलेल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, तीन-चार दिवसांच्या आत. पाठवून देऊ नका, पाठवलेला कागद वाचला जात नाही. मी त्या कार्यालयात वाचत होते तेव्हा खालच्या हॉलच्या नियमावर काकांनी हात वर केला. मी त्यांच्या रजिस्टरमधला शब्द जसाच्या तसा घेऊन ‘दुरुस्तीसाठी बंद’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “आता खोटं कशाला? ‘राखीव’ लिहा.” खजिनदारांनी त्यांच्याच पेनाने तो शब्द बदलला.